आचारी की आचार्य : एका संगणकबदलाची पाठचिकित्सा

२०२३ च्या जुलैत साताऱ्याहून काकूंचा फोन आला. "अरे, ते नेट सारखं जातंय. नातीचं तोंड दिसतं, ती बोलायला लागली की थिजतं. कंपनीचा मुलगा येतो, डबी बंद करून चालू करतो, आणि जातो." काकू म्हणजे माझ्या सरांच्या पत्नी. सर महाविद्यालयात मराठी शिकवत असत. २०१९ मध्ये ते गेले. त्यांच्या घरातल्या संगणकाचे आणि जोडणीचे दुखणे पाहण्याचे काम पंचवीसेक वर्षे माझ्याकडे आहे. माझ्याकडे त्या विषयाची कुठलीही पदवी नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांत मोडेम विकत घेतलेला पहिला मी, एवढीच माझी पात्रता.

दोष सापडायला अर्धा तास लागला. राउटरवरचा एक दिवा मधूनच लाल होत होता, म्हणजे प्रकाश घरापर्यंत पोचत नव्हता. रंगकाम झाल्यावर पुस्तकांचे कपाट भिंतीला अगदी टेकवून ठेवले होते आणि त्यामागे काचतंतूची बारीक तार काटकोनात दाबली गेली होती. तांब्याच्या तारेला वळणाचे वावडे नसते. काचेतला प्रकाश मात्र फार कडक वळणावर बाहेर सांडतो. दुसरा दोष अ‍ॅडाप्टरचा होता. तो जुना होऊन कमी दाब देत होता, त्यामुळे राउटर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होत होता. कपाट चार बोटे पुढे ओढले, अ‍ॅडाप्टर बदलला, आणि नात बोलू लागली.

कपाटामागे दोन गोष्टी सापडल्या. रबरबँड लावलेला फ्लॉप्यांचा गठ्ठा आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची एक लांबट वही. वरच्या फ्लॉपीवर सरांच्या अक्षरात 'भोजन : अंतिम' असे लिहिले होते. जुन्या मराठी गद्यातील भोजनवर्णने हा त्यांच्या अखेरच्या, कधीच प्रसिद्ध न झालेल्या ग्रंथाचा विषय. लीळाचरित्रातल्या आरोगणेपासून बखरींतल्या पंगतींपर्यंत आणि तिथून गोडसे भटजींच्या प्रवासातल्या दक्षिणेपर्यंत अशी त्याची झेप होती. काकू म्हणाल्या, "ते पुस्तक तुझ्याकडेच आहे ना? तूच तर नव्या मशिनात घातलं होतंस."

पुस्तक माझ्याकडे होते, पण ते सरांचेच आहे असे छातीठोकपणे सांगता येईना. का येईना, हे सांगायचे तर थोड्या इतिहासात शिरावे लागेल. साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासाकडे 'तांत्रिक' म्हणून पाठ फिरवली आहे. हस्तलिखितांच्या शाईची आणि कागदाची चौकशी करणारे आपण, टंक आणि तबकडी यांच्याविषयी मात्र उदासीन असतो.

आधी जोडणीचे. भारतात महाजाल प्रथम घरांत आले नाही. १९८६ पासून 'अर्नेट' हे शैक्षणिक जाळे उभे राहू लागले. त्यात आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईच्या जुहूतील एनसीएसटी अशा संस्था होत्या. मराठी विभागांना त्याची वार्ताही नव्हती. सर्वसामान्यांसाठी दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे सेवा सुरू केली तेव्हा. चित्रे दाखवणारे पूर्ण खाते वर्षाला २५० तासांसाठी १५,००० रुपयांच्या घरात होते. विद्यार्थ्यांसाठी केवळ मजकूर दाखवणारे खाते ५०० रुपयांत मिळे. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. ज्या गावात केंद्र नव्हते तिथल्या माणसाला एसटीडी लावून मोठ्या शहराचे केंद्र गाठावे लागे आणि त्यासाठी रात्री उशिरा दर उतरण्याची वाट पाहावी लागे. खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली ती १९९८ च्या अखेरीस.

मराठी भाषा त्याआधीच जालावर पोचलेली होती, पण परदेशातून आणि रोमन लिपीत. यूजनेटवरील मराठी चर्चागटात कविता, पाककृती, वादविवाद सगळे रोमन अक्षरांत चाले. अविनाश चोपडे यांची 'आयट्रान्स' ही पद्धत १९९१ ची. तिच्यात ठरावीक रोमन अक्षरांनी लिहिलेला मजकूर देवनागरीत छापता येई. १९९६ मध्ये 'मायबोली' सुरू झाली, तीही अमेरिकेतून. मराठीच्या जालावरील बाळपणाचा हा भाग परदेशस्थांचा आहे, हे मान्य करायला आपल्या इतिहासकारांना जरा जड जाते. पण तेव्हा जोडणी होती ती त्यांच्याकडे. आपल्याकडे होती ती टेलिफोनची प्रतीक्षायादी.

सरांच्या घरी संगणक आला २००० मध्ये आणि त्याबरोबर ५६ किलोबिटचा मोडेम. हा आकडा कागदावरचा. 'व्ही.९०' या १९९८ च्या मानकाचे गृहीतक असे की सेवा देणाऱ्याकडून एक्स्चेंजपर्यंतचा सगळा मार्ग अंकीय आहे आणि फक्त एक्स्चेंजपासून घरापर्यंतचा तुकडा जुन्या तांब्याचा आहे. तो शेवटचा तुकडा आपल्याकडे खांबावरच्या उघड्या डबीतून, आंब्याच्या फांदीवरून आणि पावसाळ्यात ओल्या जोडांमधून येई. मोडेम दोन्ही टोकांकडून शिट्ट्या वाजवून ओळख पटवीत, तारेवरचा गोंगाट मोजीत आणि परवडेल तेवढा वेग ठरवीत. आमच्याकडे तो २८ च्या आसपास ठरे. दुसऱ्या खोलीत कोणी रिसीव्हर उचलला की जोडणी तुटे, आणि 'कॉल वेटिंग'ची पिपाणी वाजली तरी तुटे. दुरुस्तीचे शास्त्र त्या काळी प्रत्येक घरी स्वतंत्रपणे विकसित झाले. टोनऐवजी पल्स डायलिंग लावून पाहणे, फोनचे समांतर जोड काढून टाकणे, लाइनमनला चहा देऊन 'पेअर' बदलून घेणे. शेवटचा उपाय सर्वांत गुणकारी असे.

कपाटामागची वही ही या जोडणीची रोजनिशी होती. सर पद्धतशीर माणूस. प्रत्येक वेळी जोडणी लागली की तारीख, वेळ, किती मिनिटे, काय पाठवले आणि का तुटली, हे ते वहीत नोंदवीत. 'तुटली' या रकान्यात 'पाऊस', 'शेजारी वेल्डिंग', 'सौ.नी रिसीव्हर उचलला', 'कारण अज्ञात' अशा नोंदी आहेत. बिल पडताळून पाहायला म्हणून ठेवलेली ही वही आज माझ्या लेखी त्या ग्रंथाइतकीच मोलाची आहे. ती का, ते पुढे येईल.

या तुटक्या जोडणीने लिहिण्याची एक शिस्त लावली, तिची नोंद घ्यायला हवी. पल्स मोजला जात असताना विचार करीत बसणे कोणालाच परवडत नसे. म्हणून मजकूर आधी पूर्ण लिहायचा, तबकडीवर साठवायचा, फ्लॉपीवर एक प्रत काढायची, मग जोडणी लावायची, पाठवायचे आणि ताबडतोब तोडायचे. पाठवताना मध्येच तुटले तर मजकूर जाऊ नये म्हणून प्रत घरी असे, आणि तुटण्याची खात्री असल्याने ती नेहमीच असे.

आता यंत्राचे. इंग्रजीत लिहिणाऱ्याने संगणक बदलला तर फायली नव्या यंत्रावर उघडतात; फार तर ठळक-तिरप्या अक्षरांची मोडतोड होते. मराठीत तसे नव्हते. आमच्या पिढीत यंत्र बदलणे म्हणजे जवळजवळ लिपी बदलणे होते.

सरांनी संगणकावर पहिले मराठी वाक्य लिहिले ते महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या डॉसच्या यंत्रावर, जिस्ट कार्डाच्या साहाय्याने. आयआयटी कानपूरला सुरू झालेले हे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आले. कार्ड म्हणजे खरोखरीच एक पट्टी. ती यंत्राच्या पोटातल्या 'आयएसए' खाचेत बसवावी लागे आणि मग पडद्यावर देवनागरी उमटे. तिच्यामागची कल्पना उत्तम होती. अक्षराचा आकार न साठवता उच्चाराच्या क्रमाने वर्ण साठवायचे. हीच कल्पना १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात आली आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी करताना इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीचा आधार घेतला. परंतु शतक बदलण्याच्या सुमारास नव्या यंत्रांतून ती खाचच नाहीशी झाली. पट्टी आहे, पण ती खोवायला जागा नाही.

विंडोज आल्यावर कल्पनाही मागे पडली. बाजारात आले ते टंकसंच, बोलीत ज्यांना आपण फॉन्ट म्हणतो. त्यांची युक्ती सोपी होती. यंत्राला वाटायचे की आपण इंग्रजी लिहितो आहोत. फक्त इंग्रजी अक्षरांच्या चित्रांच्या जागी देवनागरी तुकड्यांची चित्रे ठेवलेली असत. 'ग' हे एक अक्षर नसून अर्धा ग आणि दंड असे दोन तुकडे, कारण टंकलेखन यंत्रावरही ते तसेच उमटत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी साठवली जाई आणि क नंतर, कारण डोळ्यांना ती तशी दिसते. कुठल्या घरात कुठला तुकडा ठेवायचा हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या मनाने ठरवले. त्यामुळे एका संचात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. दिवाळी अंकाच्या संपादकाला लेख ई-पत्राने पाठवायचा तर सोबत टंकही पाठवावा लागे. त्याच्याकडे तो चालला नाही तर शेवटी फॅक्स. शिवाय काही संचांना 'लॉक' असे. छपाईयंत्राच्या खोबणीत बसणारा हा ठोकळा नसेल तर संच उघडतच नसे. पुढे नव्या यंत्रांतून ती रुंद खोबणीही गेली.

महानुभावांच्या सकळ लिपीशी परिचय असलेल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. वर्णाच्या जागी दुसरे चिन्ह ठेवायचे आणि किल्ली आपल्याजवळ ठेवायची. राजवाडे आणि भावे यांच्या पिढीने ती किल्ली मिळवून शतकानुशतके झाकलेले गद्य खुले केले. फरक एवढाच की महानुभावांनी ग्रंथ राखण्यासाठी समजून-उमजून लिपी घडवली. आपण अजाणता हजारो सांकेतिक लिप्या केल्या आणि किल्ल्या भंगारात दिल्या. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांनीही तेव्हा आपापले टंक वापरले होते.

सरांचे यंत्र बंद पडले २००६ च्या उन्हाळ्यात. झाकण उघडले तेव्हा मदरबोर्डावरच्या चारपाच कपॅसिटरांची डोकी फुगली होती आणि एकातून तपकिरी रस बाहेर आला होता. त्या काळात ही साथच होती. १९९९ नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष द्रव भरलेले कपॅसिटर वापरले गेले आणि त्यांवर उभी असलेली यंत्रे एकामागून एक आडवी झाली. जोडीला भारनियमन. रोज कित्येक तास वीज नाही, यूपीएसची बॅटरी वर्षभरात निकामी, आणि यंत्र वाक्याच्या मध्येच विझणार.

दुरुस्ती करावी की नवे घ्यावे? सरांचा कल दुरुस्तीकडे होता. मीच नव्यासाठी हट्ट धरला. विंडोज ९८ चा आधार उत्पादक त्याच वर्षी काढून घेत होता, आणि युनिकोडातली देवनागरी ९८ ला नीट जुळवून दाखवता येत नव्हती. नव्या यंत्रावर एक्सपी टाकली. तिथेही देवनागरी आपसूक येत नसे. पूर्वेकडच्या गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीची सोय मूळ सीडीवरून वेगळी चढवावी लागे. ती चढवली. सरांनी 'मंगल' टंकात आपले नाव उमटलेले पाहिले आणि म्हणाले, "शिरोरेघ जरा जाड आहे, पण ठीक."

मग जुन्या तबकडीवरची प्रकरणे मी नव्या यंत्रावर घेतली आणि एका रूपांतरकातून युनिकोडात आणली. एका संध्याकाळचे काम. नव्वद टक्के मजकूर आपोआप सुधारला. उरलेल्यातली मुख्य चूक 'र'ची होती. मराठीत व्यंजनाला जोडलेला र दोन प्रकारे लिहितात, एकदा डोक्यावरचा रफार आणि एकदा आडवा, चंद्रकोरीसारखा. हिंदीला दुसरा लागत नाही, आपल्याला लागतो. युनिकोडात तो लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एकात नुक्त्याचा ऱ वापरायचा, दुसऱ्यात साधा र आणि हलन्त यांच्यामागे एक अदृश्य जोडखूण ठेवायची. माझ्या रूपांतरकाने दुसरा मार्ग धरला आणि ती अदृश्य खूण वाटेत कुठेतरी गाळली. परिणामी साताऱ्यात 'सातार्यात' झाले, दुसऱ्या 'दुसर्या' झाले, तऱ्हा 'तर्हा' झाली. मी शहाणपणा केला. 'शोधा आणि बदला' या आज्ञेने सगळ्या 'र्य'चे 'ऱ्य' करून टाकले. मग सूर्याचा सूऱ्य झाला आणि कार्याचे काऱ्य. ते पुन्हा एकेक करून, वाक्य वाचून, हाताने दुरुस्त केले. काम संपल्यावर जुनी तबकडी पुसली आणि पेटीसकट भंगारवाल्याला दिली. त्याने दीडशे रुपये दिले. सरांनी त्यांचे पेढे आणले.

त्या संध्याकाळी मी नक्की काय केले, हे समजायला मला सतरा वर्षे लागली.

दरम्यान जोडणी सुधारली. ऑक्टोबर २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले (ही मर्यादा पुढे २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली) आणि २००५ पासून सरकारी कंपन्या त्याच टेलिफोनच्या तारेवरून ती सेवा देऊ लागल्या. सरांकडे ती २००७ मध्ये आली. बोलणे आणि महाजाल एकाच तारेवर, मध्ये एक छोटा गाळणा. वहीतली शेवटची नोंद त्याच आठवड्यातली आहे. पल्सच मोजायचा नव्हता, मग वही कशाला?

तुटणे थांबले नव्हते, फक्त दूर गेले होते. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाशी दोन केबली तुटल्या आणि भारताची निम्म्याहून अधिक क्षमता गेली. त्या दिवशी साताऱ्यात आम्ही मोडेम चारदा बंद-चालू केला, गाळणा काढून पाहिला, लाइनमनला फोन केला. १८७० मध्ये मुंबईला तारायंत्राची समुद्री केबल आली तीही एडन-सुएझच्या वाटेनेच. तो मार्ग आजही तसाच अरुंद आहे.

सतत चालू असलेल्या जोडणीने मात्र आधी सांगितलेली शिस्त मोडली. सर आता थेट जालावरच्या चौकटीत टंकू लागले, रोमन कळांनी देवनागरी उमटवीत. घरी प्रत नाही, फ्लॉपी नाही, छापील कागद नाही. २००७ ते २०१९ या बारा वर्षांत त्यांनी काय लिहिले ते एका खात्यात आहे आणि त्या खात्याचा परवलीचा शब्द सरांबरोबर गेला. मी आणि काकूंनी पुष्कळ प्रयत्न केले. कंपनीकडून यांत्रिक उत्तरे येतात. सरांच्या विद्यार्थ्यांनी जिओसिटीजवर उभारलेले एक छोटेखानी अभ्यासपान ऑक्टोबर २००९ मध्ये त्या सेवेबरोबर मिटले. ऑर्कुटवरचा आमचा वादसमूह सप्टेंबर २०१४ मध्ये. जिओसिटीजमधला काही भाग इंटरनेट आर्काइव्हने वाचवला, आमचे पान त्यात मला सापडले नाही.

म्हणजे स्थिती अशी आहे. जोडणी वाईट होती त्या सात वर्षांतले सरांचे लेखन, कच्च्या खर्ड्यांसह, गठ्ठ्यात मिळते. जोडणी चांगली झाली त्या बारा वर्षांतली एकही ओळ हाती नाही. हा एका माणसाचा दाखला आहे, त्यावरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळते. तरी या काळातल्या कोणत्याही मराठी लेखकाचे चरित्र लिहू पाहणाऱ्याने कधी डायल-अप होते आणि कधी गेले हे आधी विचारावे, असे मला वाटते. पत्रव्यवहार कुठे ठेवला हे आपण विचारतोच.

त्या जुलैत मी यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. चौदा फ्लॉप्यांपैकी तिघींवर बुरशी होती; बाकीच्या वाचल्या गेल्या. फायली उघडल्यावर अपेक्षेप्रमाणे चिन्हांची रांग. टंकाचे नाव फायलीतच होते. तो संच पुण्यातल्या एका जुन्या डीटीपीवाल्याकडे अजून जिवंत निघाला, लॉकसकट, आणि तो चालवण्यापुरते त्याने एक जुने यंत्रही राखले होते. तिथे बसून मी चिन्ह-अक्षरांचा तक्ता केला. सकळ लिपीचे एखादे पान समोर घेऊन बसलेल्याला जी पायरी चढावी लागते तीच ही.

तारखांची वेगळीच अडचण निघाली. निम्म्या फायलींवर १ जानेवारी १९८० ही तारीख होती. तेव्हा सरांनी संगणक पाहिलाही नसेल. कारण साधे आहे. मदरबोर्डावर एक नाण्याएवढी बॅटरी असते. यंत्र बंद असताना घड्याळ तिच्यावर चालते. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ आपल्या आरंभबिंदूवर जाते. भारनियमनाच्या काळात हे रोज होत असणार, आणि सरांनी तारीख पुन्हा लावण्याची तसदी घेतली नाही. कोणता खर्डा आधीचा आणि कोणता नंतरचा हे त्यामुळे फायलींवरून ठरेना. ते ठरवले त्या लांबट वहीने. 'प्र. ३ पाठवले, ११ मि., तुटली (पाऊस), पुन्हा ६ मि.' अशा नोंदींवरून प्रकरणांचा क्रम आणि काळ लागला. बिलासाठी ठेवलेल्या वहीने एकनाथांच्या प्रतीतील शके १५०६ सारखे काम केले.

नऊ प्रकरणांपैकी आठ आता सरांच्या मूळ फायलींतून निर्धोक आहेत. माझे २००६ चे रूपांतर त्यांच्याशी ताडून पाहिले तर दर प्रकरणात दोनतीन ठिकाणी मी सरांच्या तोंडी वेगळा शब्द घातलेला आढळला. एका जागी दऱ्या होत्या, मी तिथे दर्या आणून सोडला होता; वाक्य दोन्हींनी चालत होते.

नववे प्रकरण, 'पंगत आणि मान', बुरशी लागलेल्या फ्लॉपीवर होते. त्याची एकच प्रत उरली आहे आणि ती माझ्या रूपांतराची. त्यात हे वाक्य येते : "अशा प्रसंगी आचार्यांना पहिला मान मिळे आणि यजमान त्यांच्यापुढे हात जोडून उभा राही." सूऱ्य-काऱ्याच्या दुरुस्तीत हा 'आचार्य' मी ठरवला आहे, हे मला स्वच्छ आठवते, मंत्र म्हणणाऱ्याला मान मिळणार, स्वयंपाक करणाऱ्याला कसा मिळेल, असे तेव्हा वाटले. पण मूळ फायलींतून आलेल्या आठ प्रकरणांत सर पुनःपुन्हा म्हणतात की आपल्या गद्यात पंगत दिसते, वाढपी दिसतो, आचारी कधीच दिसत नाही. त्या युक्तिवादाचा शेवट 'आचाऱ्यांना पहिला मान मिळे' असा होत असेल तर सर एक अपवाद पुढे ठेवीत होते आणि प्रकरणाचा रोखच उलटतो. 'आचार्यांना' असेल तर ते वाक्य एक सामान्य निरीक्षण आहे.

वहीत या प्रकरणाची एक नोंद आहे, ऑक्टोबर २००४ ची : 'प्र. ९ संपादकांस. ९ मि. त्यांच्याकडे टंक नाही. फॅक्स केला.' संपादक आता नव्वदीत आहेत. मी त्यांना भेटायला गेलो. त्यांनी फायलीतून तो फॅक्स काढून दिला, सात पाने, टाचणीसकट. उष्णतेवर उमटणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावरचे अक्षर पुरते उडाले आहे. पाने खिडकीशी तिरपी धरली तर कुठेकुठे शिरोरेघेचा ठसा जाणवतो. पाचव्या पानावर 'आचा' वाचता येते. पुढच्या अक्षरावर टाचणीचा गंज आहे.

आवृत्तीत मी तळटीप दिली आहे : 'आचार्यांना / आचाऱ्यांना, दोन्ही पाठ शक्य, पहिला संपादकाचा, २००६.' मुद्रिते वाचताना काकूंना ते दाखवले. त्यांनी वाक्य दोनदा वाचले. "सण असला की हे आधी स्वयंपाकघरात यायचे," त्या म्हणाल्या, "मग देवापुढे." एवढे सांगून त्यांनी मुद्रिते परत दिली आणि नातीचा फोन लावला.